एक रुग्ण, पाच फायली

ब्रिटनमध्ये हार्ट फेल्युअरचं निदान पहिल्यांदा होतं, तेव्हा रुग्णाचं सरासरी वय 77 च्या आसपास असतं. भारताच्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदणीतल्या रुग्णांचं सरासरी वय 60 भरलं. ही तुलना जपून करायला हवी. तिकडचा आकडा फॅमिली डॉक्टर आणि रुग्णालयं यांच्या एकत्रित नोंदींवरून काढलेला आहे, आपला फक्त रुग्णालयात दाखल झालेल्यांचा. शिवाय आपल्याकडे ऐंशी गाठणारी माणसंच मुळात कमी. एवढं वजा केलं तरी अंतर उरतंच. तिथे हा आजार नातवंडांची लग्नं पाहिलेल्या माणसाला गाठतो, इथे मुलीच्या लग्नाचं कर्ज फिटायचं असताना.

हार्ट फेल्युअरमध्ये हृदय चालू असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलणं त्याला जमत नाही. किंवा जमतं, पण आतला दाब वाढवून. मग चार पायऱ्या चढल्यावर धाप लागते, संध्याकाळी घोटे सुजतात, रात्री दोन-तीन उशा लावल्याशिवाय झोप येत नाही. टू-डी इको केल्यावर डॉक्टर ‘पंपिंग’चा आकडा सांगतात आणि बहुतेक घरांत त्याचा चुकीचा अर्थ लावला जातो. निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्याला आत भरलेल्या रक्तापैकी साधारण 55 ते 70 टक्केच बाहेर टाकतं. त्यामुळे ‘पंपिंग 60’ ऐकून चाळीस टक्के हृदय गेलं म्हणून रडारड करण्याचं कारण नाही. 40 किंवा त्याखाली असेल तर तो कमी पंपिंगचा प्रकार, 50 किंवा जास्त असूनही लक्षणं असतील तर पंपिंग शाबूत असलेला प्रकार, आणि मधला पट्टा दोन्हींच्या सीमेवरचा. दुसऱ्या प्रकारात हृदयाचा स्नायू ताठर होतो. आकुंचन ठीक असतं, सैल पडणं बिघडतं.

भारतातल्या रुग्णाचं चित्र काढायचं तर आधी केरळात जावं लागतं. 2013 साली तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या 18 रुग्णालयांत हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या 1,205 रुग्णांची नोंद ठेवली गेली. सरासरी वय 61, स्त्रियांचं प्रमाण 31 टक्के, मूळ कारण म्हणून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार 72 टक्क्यांमध्ये. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या आधाराने 53 रुग्णालयांची राष्ट्रीय नोंदणी झाली, त्यात 10,851 रुग्ण आले, आणि आकडे जवळपास तसेच निघाले: सुमारे 72 टक्क्यांमध्ये रक्तवाहिन्यांचा आजार, 31 टक्के स्त्रिया, दोन तृतीयांश रुग्ण कमी पंपिंगचे. केरळच्या रुग्णांपैकी पाच वर्षांत 59 टक्के दगावले. कित्येक कर्करोगांचं भवितव्य यापेक्षा बरं असतं, पण कर्करोग म्हटल्यावर घराला जो हादरा बसतो तो ‘हार्टचं पंपिंग थोडं कमी आहे’ म्हटल्यावर बसत नाही.

रक्तवाहिन्यांच्या आजाराचा वाटा इतका मोठा का, याचं एक उत्तर हार्ट अटॅकनंतरच्या पहिल्या काही तासांत आहे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ या भारतीय नोंदणीत वीस हजारांहून अधिक हृदयरुग्ण होते. दुखायला लागल्यापासून रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंत त्यांना लागलेला मध्यक वेळ 360 मिनिटं होता. सहा तास. तोवर बंद पडलेल्या रक्तवाहिनीपलीकडच्या स्नायूचा मोठा भाग मेलेला असतो, आणि मेलेला स्नायू पुढे कुठल्याही गोळीने आकुंचन पावत नाही. गोव्यात छोट्या सरकारी रुग्णालयांतला ईसीजी तातडीने तज्ज्ञांकडून वाचून घेऊन रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देण्याची साखळी गोवा मेडिकल कॉलेजशी जोडून उभी राहिली. ती हार्ट अटॅकची योजना म्हणून ओळखली जाते. माझ्या मते हार्ट फेल्युअर रोखण्याचीही तीच योजना आहे.

स्त्रिया फक्त 31 टक्के, हा आकडा मला खटकतो. रक्तवाहिन्यांचा आजार पुरुषांत लवकर होतो हे खरं. पण जगभर पंपिंग शाबूत असलेल्या प्रकारात वयस्कर, लठ्ठ, रक्तदाब असलेल्या स्त्रिया भरपूर सापडतात. आपल्याकडे त्या रुग्णालयाच्या नोंदीपर्यंत पोचतात किती? धाप लागणारी साठीची बाई ‘वय झालं, वजन वाढलंय’ म्हणून घरीच राहते. नोंदणी रुग्णालयातल्यांची असते, गावातल्यांची नाही.

जिथे स्त्रिया ठळकपणे दिसतात तो आजार म्हणजे संधिवाताच्या तापाने बिघडलेली झडप. लहानपणी घसा सुजतो, काही आठवड्यांनी सांधे दुखतात, ताप येतो, सगळं बरं होतं आणि घरचे विसरून जातात. हृदयाची मायट्रल झडप मात्र हळूहळू आकसत राहते. विशी-पंचविशीत पहिलं बाळंतपण येतं, शरीरातल्या रक्ताचं प्रमाण वाढतं, आणि सहाव्या-सातव्या महिन्यात अचानक छातीत पाणी होतं. केरळच्या नोंदीत असे रुग्ण 8 टक्के होते, राष्ट्रीय नोंदणीत सुमारे 6. प्रमाण कमी असलं तरी ही माणसं तरुण असतात, आणि त्यांचा आजार दर तीन आठवड्यांच्या एका जुन्या, स्वस्त पेनिसिलिनच्या इंजेक्शनने रोखता येण्याजोगा होता. शिवाय त्यांच्या उपचारात एक वेगळेपण आहे. ठोके अनियमित झाले की गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करण्याची गोळी लागते. बाकीच्यांना नव्या गोळ्या चालतात; झडपेच्या या रुग्णांत मात्र 2022 च्या ‘इन्विक्टस’ चाचणीत जुन्या वॉरफरीनच्या गटातली औषधंच सरस ठरली. म्हणजे पुन्हा दर महिन्याला रक्ततपासणी आणि तालुक्याची फेरी.

आणखी एक खास आपल्याकडचा प्रकार क्षयरोगातून येतो. हृदयाभोवतीचं आवरण जाड, कडक होतं, हृदय नीट भरत नाही, पोटात पाणी साठतं. असा माणूस महिनोन्‌महिने लिव्हरच्या डॉक्टरांकडे फिरताना दिसतो.

हृदयाबरोबरचे आजार हा या विषयाचा खरा गाभा. ब्रिटनमधल्या 40 लाख लोकांच्या नोंदी तपासणारा अभ्यास 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. 2002 मध्ये हार्ट फेल्युअरचं निदान होताना रुग्णाला सरासरी 3.4 इतर आजार होते, 2014 मध्ये 5.4. गरीब वस्तीतल्या लोकांना हा आजार साडेतीन वर्षं आधी होत होता, आणि आजारांचं ओझंही जास्त होतं. अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या एक लाखाहून अधिक वृद्ध रुग्णांवरचा 2003 चा अभ्यास आणखी बोलका आहे. जवळपास 40 टक्क्यांना हृदयाबाहेरचे पाच किंवा जास्त आजार होते, एकही नसलेले फक्त 4 टक्के. आणि सगळ्या रुग्णांनी मिळून रुग्णालयात काढलेल्या दिवसांपैकी 81 टक्के दिवस त्या पहिल्या गटाचे. हार्ट फेल्युअरचा म्हणून जो खर्च मोजला जातो, त्यातला मोठा वाटा किडनी, फुफ्फुस आणि साखरेचा असतो.

आपल्या राष्ट्रीय नोंदणीत जवळपास निम्म्यांना रक्तदाब आणि पाचांतल्या दोघांना मधुमेह होता. ब्रिटनमधल्या रुग्णांहून वयाने सतरा वर्षं लहान असूनही! आशियातल्या रुग्णांवरच्या ‘एशियन-एचएफ’ अभ्यासात एक ठळक गट पुढे आला: अंगाने सडपातळ, पण मधुमेही. मधुमेही म्हटलं की लठ्ठ माणूस डोळ्यांपुढे आणणारी पाश्चात्त्य चौकट इथे तोकडी पडते. पोट थोडं सुटलेलं, हातपाय काडीसारखे, असा माणूस आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. आणि वजन कमी म्हणून त्याची साखर वर्षानुवर्षं कुणी तपासलेली नसते.

किडनी आणि हृदयाचं नातं सगळ्यांत अवघड. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांची किडनी कमजोर असते. पूर्वी वाटायचं की रक्त कमी पोचतं म्हणून ती बिघडते. ते अर्धंच खरं. परतीच्या वाटेवर रक्त तुंबतं, किडनीतल्या शिरांमधला दाब वाढतो, आणि गाळण्याचं काम मंदावतं. म्हणून कित्येकदा लघवीची गोळी वाढवून अंगातलं पाणी उतरवलं की क्रिएटिनिन उलट सुधारतं. वॉर्डात मात्र क्रिएटिनिन 1.2 चं 1.5 झालं की पहिली कुऱ्हाड हृदयाच्या गोळ्यांवर पडते. रामिप्रिलच्या गटातली औषधं सुरू केल्यावर क्रिएटिनिन तिसेक टक्क्यांपर्यंत वाढलं, तर पोटॅशियमवर लक्ष ठेवून ती चालू ठेवावीत असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पण रुग्णाला किडनीची भीती असते, डॉक्टरला तक्रारीची. गोळी बंद होते आणि पुन्हा सुरू करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

लोहाची कमतरता हा दुसरा दुर्लक्षित विषय. हार्ट फेल्युअरच्या साधारण निम्म्या रुग्णांत ती असते, कित्येकदा हिमोग्लोबिन ठीक असतानाही. ज्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, तिथे ही बाब पहिल्याच तपासणीत यायला हवी. शिरेतून लोह दिल्यावर थकवा कमी होतो, माणूस जास्त चालू शकतो, हे 2009 च्या ‘फेअर-एचएफ’पासून दिसत आलं. तोंडाने घ्यायच्या गोळीचा मात्र उपयोग झाला नाही; 2017 च्या ‘आयर्नआउट’ चाचणीने ते स्पष्ट केलं. शरीरातल्या दीर्घ दाहामुळे यकृत हेप्सिडिन नावाचं द्रव्य जास्त बनवतं आणि ते आतड्यातून लोह शोषू देत नाही. आपल्याकडे सर्रास लोहाची गोळी लिहून दिली जाते, कारण ती स्वस्त आहे आणि काहीतरी दिल्याचं समाधान देते.

फुफ्फुसाचं दुखणं निदानालाच चकवतं. दोन्हींत धाप, दोन्हींत खोकला. विडी ओढणारा म्हातारा असेल तर संशय फुफ्फुसावर जातो आणि इको राहून जातो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने चुलीच्या धुराने कधीही विडी न ओढलेल्या बायकांची फुफ्फुसं कशी खराब होतात, याचा विषय वर्षानुवर्षं लावून धरला. अशा बाईच्या धापेमागे फुफ्फुस किती आणि हृदय किती, हे सांगायला दोन्हींच्या तपासण्या लागतात. त्यातच ‘दम्याला बीटा ब्लॉकर चालत नाही’ हा जुना समज. खऱ्या अस्थम्यात जपावंच लागतं. पण धुराने किंवा तंबाखूने झालेल्या फुफ्फुसविकारात बिसोप्रोलोल, मेटोप्रोलोलसारख्या मुख्यतः हृदयावर काम करणाऱ्या गोळ्या बहुतेकांना सोसतात आणि त्या आयुष्य वाढवतात.

नैराश्य पाचांतल्या एकाला असतं. सर्ट्रालिन आणि एसिटालोप्राम या दोन्ही गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांत औषध आणि नुसती साखरेची गोळी यांत फरक पडला नाही, त्यामुळे इथे अजून हात बांधलेलेच आहेत. म्हातारपणातली अशक्तता सुमारे 45 टक्क्यांत आढळते, आणि विस्मरण असलेल्या माणसाला दिवसाच्या बारा गोळ्या सांभाळायला सांगणं ही आपली नेहमीची पद्धत आहे.

आता हे सगळं एका माणसात बघू. एसटीतून निवृत्त झालेला, साताऱ्याकडचा, त्रेसष्ट वर्षांचा चालक समजा. हार्ट अटॅक येऊन गेलाय, पंपिंग 30. सोबत औषधांच्या दुकानाची पिशवी, आणि तीत पाच फायली. हृदयाच्या डॉक्टरांनी चार गोळ्या दिल्या आहेत, त्यांत एक स्पायरोनोलॅक्टोन. साखरेच्या डॉक्टरांची तीन औषधं एकत्र असलेली गोळी आहे; स्वस्त आहे, साखर छान उतरते, पण तिसरं औषध पायोग्लिटाझोन. ते अंगात पाणी धरतं आणि हार्ट फेल्युअरमध्ये टाळायचं असतं. गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक दिलंय. ते मीठ-पाणी अडवतं, किडनीलाही मारतं, आणि चिठ्ठी संपल्यावर मेडिकलवाला ओळखीवर देतच राहतो. रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं म्हणून चौथ्या डॉक्टरांनी प्रोस्टेटची गोळी सुरू केली. ती प्राझोसिन-डॉक्साझोसिनच्या गटातली. याच गटातल्या डॉक्साझोसिनने हार्ट फेल्युअरचं प्रमाण दुप्पट झालेलं दिसल्यावर अमेरिकेतल्या मोठ्या ‘ऑलहॅट’ चाचणीतला तो भाग 2000 साली मध्येच थांबवावा लागला होता. रात्रीच्या लघवीचं साधं कारण कुणी विचारलंच नाही: तो लघवीची गोळी संध्याकाळी सहाला घेत होता. प्रवासाच्या दिवशी तर ती घेतच नाही, कारण एसटी मध्ये कुठे थांबत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पाचवी फाईल छातीच्या डॉक्टरांची, आणि तिथे बीटा ब्लॉकरवर काट मारलेली आहे.

घरी बायकोने बीपीसाठी चांगलं म्हणून कमी सोडियमचं मीठ आणलंय. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. शेजाऱ्याच्या रक्तदाबाला ते उपकारक ठरेलही. पोटॅशियम धरून ठेवणारं स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या, किडनी थकलेल्या या माणसाचं पोटॅशियम त्याने धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. मिठाबद्दल थोडी ढील देता येते, हे मात्र सांगायला हवं. 2022 च्या ‘सोडियम-एचएफ’ चाचणीत मीठ अगदी कडक तोडल्याने मृत्यू किंवा रुग्णालयाच्या खेपा घटल्या नाहीत. लोणचं, पापड, सुकट आवरावं हे खरंच. पण आळणी भाजीच्या धाकाने जेवणच सोडणारा रुग्ण अशक्त होतो, आणि तेही परवडणारं नाही.

पाचही डॉक्टर आपापल्या अवयवापुरते बरोबर होते. त्यांतल्या कुणालाही दोष द्यावा असं मला वाटत नाही. हार्ट फेल्युअरचं सगळं शास्त्र ज्या चाचण्यांवर उभं आहे, त्यांत मुळात असा माणूस फारसा नसतो. 1999 मध्ये ‘रेल्स’ चाचणीने दाखवलं की स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यू 30 टक्क्यांनी घटतात. ही गोळी जुनी आणि स्वस्त, त्यामुळे ती झपाट्याने वापरात आली. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात पुढे काय झालं ते 2004 मध्ये प्रसिद्ध झालं: पोटॅशियम वाढल्यामुळे दाखल होणाऱ्या रुग्णांचं प्रमाण 1994 मध्ये हजारी 2.4 होतं, ते 2001 मध्ये 11 वर गेलं, आणि त्यातले मृत्यूही वाढले. औषध तेच होतं. पण चाचणीतून किडनी बिघडलेले रुग्ण वगळलेले होते आणि रक्ततपासणी वेळच्या वेळी होत होती. प्रांतातले रुग्ण जास्त म्हातारे, जास्त मधुमेही, आणि तपासणीच्या तारखा चुकवणारे. कमी पंपिंगवरच्या अलीकडच्या नामवंत चाचण्यांतही स्त्रिया वीस ते पंचवीस टक्क्यांच्या आसपासच असतात.

गेल्या दशकात एका औषधगटाने मात्र या अवयवांच्या भिंती थोड्या पाडल्या, आणि तेही जवळजवळ योगायोगाने. रोझिग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधाने हृदयाला धोका होतो का, या वादानंतर अमेरिकेच्या औषध नियामकाने 2008 पासून मधुमेहाच्या नव्या औषधांची हृदयावरची सुरक्षितता तपासणं बंधनकारक केलं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन ही औषधं त्या चाळणीतून गेली. ती सुरक्षित आहेत एवढंच सिद्ध करायचं होतं. निघालं असं की हार्ट फेल्युअरने दाखल होणं एम्पाग्लिफ्लोझिनने 35 टक्क्यांनी घटतं. 2019 च्या ‘डापा-एचएफ’मध्ये निम्म्याहून जास्त रुग्णांना मधुमेह नव्हताच, तरी फायदा झाला. पुढे किडनीलाही झाला, आणि पंपिंग शाबूत असलेल्या प्रकारातही, जिथे तोवर जवळजवळ काहीच चाललं नव्हतं. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात 2020 च्या ऑक्टोबरात संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं 2025 मध्ये; देशी कंपन्या उतरल्या आणि किंमत साध्या माणसाच्या आवाक्यात आली. एक इशारा आपल्याकडे चिठ्ठीवर लिहूनच द्यावा असा आहे. निर्जळी एकादशी, नवरात्राचे कडक उपास, रमजानचे रोजे, किंवा नुसते जुलाब-उलट्या: अशा दिवसांत ही गोळी, विशेषतः मधुमेह्याच्या रक्तात, साखर फारशी वाढलेली नसतानाही आम्ल वाढवू शकते. उपासाआधी डॉक्टरांना विचारायला हवं. आणि रुग्ण उपास करतो का, हे डॉक्टरांनीही विचारायला हवं.

औषधं माहीत आहेत, मग ती पोचतात का? केरळच्या नोंदीत कमी पंपिंगच्या फार तर चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना शिफारस केलेली सगळी औषधं मिळत होती. राष्ट्रीय नोंदणीत हे प्रमाण 47.5 टक्क्यांवर आलं. सुधारणा आहे, पण निम्मे बाहेरच. ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांच्यात, आणि ज्यांचं शिक्षण प्राथमिकच्या पुढे गेलं नव्हतं त्यांच्यात मृत्यू जास्त होते. वर्षभरात 22 टक्के रुग्ण गेले.

2022 च्या ‘स्ट्राँग-एचएफ’ चाचणीने एक सोपी गोष्ट दाखवली. रुग्ण घरी जाताना औषधं अर्ध्या मात्रेवर सुरू करायची, दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेवर न्यायची, आणि दर वेळी बीपी, नाडी, पोटॅशियम, क्रिएटिनिन बघायचं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण 23 टक्क्यांवरून 15 वर आलं. यात नवीन औषध एकही नव्हतं, होत्या त्या फक्त ठरलेल्या भेटी. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांशी बांधलेली आहे. अँजिओप्लास्टीचे पैसे त्यातून मिळतात. दोन आठवड्यांनी करायची पोटॅशियमची तपासणी, तालुक्याहून येण्या-जाण्याचं भाडं, बुडालेली मजुरी आणि महिन्याच्या गोळ्या हे बहुतेक वेळा खिशातून जातं. राष्ट्रीय नोंदणीतल्या रुग्णांच्या खर्चाचा अभ्यास झाला, तेव्हा 38 टक्के कुटुंबांसाठी हा खर्च घर बुडवणारा ठरला होता, आणि सहांपैकी एका कुटुंबाने त्यासाठी कर्ज काढलं होतं किंवा काही विकलं होतं.